पथ्य सांगणारा दुभाषी

सांजबंदरच्या राजे कान्हदेवांकडे तोफा ओतणारा लुका पोटदुखीने अंथरुणाला खिळला होता. गडी क्रोएशियाचा, स्वतःच्या भाषेखेरीज त्याला अक्षर कळत नसे. त्याला तपासणारा फ्रेंच वैद्य पथ्यपाण्याचं जाडजूड पुस्तक मागे ठेवून जहाजाने निघून गेला होता, आणि पुस्तक होतं फ्रेंचमध्ये! दोन्ही भाषा जाणणारा माणूस हवा, अशी राजाने दवंडी पिटवली.

तीन माणसं आली. तिघंही छाती ठोकून सांगत होती, की आपल्याला दोन्ही भाषा येतात. दरबारात मात्र यातली एकही कुणाला येत नव्हती. खरा कोण, हे ओळखायचं कसं? लुकाला विचारावं, तर तो भला माणूस येईल त्याच्याकडे पाहून हसत मान डोलवी.

भाजी घेऊन आलेली सगुणा माळीण हा गोंधळ बघून फिस्सकन हसली. राजा चिडला.

"हसतेस? मग तूच निवड. आजच्या आज! चुकलीस, तर तुझी पाटी राजवाड्याची पायरी चढणार नाही."

सगुणाचं घर राजवाड्याच्या भाजीवरच चालत होतं. तरी ती मागे हटली नाही. तिने मुदपाकखान्यातून भलंमोठं ताट लुकाच्या अंथरुणापाशी मागवलं. त्यात लाडू होते, चकल्या, तूप, लोणचं, शिवाय उकडलेला दुधी, ताक आणि सातूची पेज. हवं ते जवळ ओढा, नको ते ढकला, असं तिने लुकाला खुणेने समजावलं. मग तिघांनी आळीपाळीने लुकाच्या भाषेत वाचून दाखवावं, म्हणून पुस्तकाचं एक पान उघडून दिलं.

पहिल्याने खणखणीत आवाजात काहीतरी वाचलं. लुका खो खो हसला आणि त्याने एक लाडू तोंडात कोंबला. दुसऱ्याने वाचताच लुकाचे डोळे भरून आले. त्याने त्या माणसाला मिठी मारली आणि दोघं गळ्यात गळे घालून खलाशांचं गाणं म्हणू लागले. हाच आपला माणूस, असं प्रधानाने जाहीरही करून टाकलं. सगुणाने प्रधानाला जरा थांबायला सांगितलं.

तिसरा होता पास्कू, एक म्हातारा खलाशी. तो वाचू लागला, तसतसं लुकाचं तोंड उतरत गेलं. त्याने लाडू ढकलले. चकल्यांकडे पाहून उसासा टाकला आणि त्याही ढकलल्या. दुधी मात्र नाक मुरडत जवळ ओढला. सगुणाने ताट पुन्हा लावलं आणि दुसरं पान दिलं. या वेळी लुकाने ताक ओढलं. फिरून पहिलं पान दिलं, तर परत दुधीच जवळ आणि लाडू लांब!

"हाच खरा," सगुणा म्हणाली.

"तुला यातली एक तरी भाषा येते का?" राजाने विचारलं.

"नाही महाराज. पण पहिल्याचं ऐकून हे हसले, दुसऱ्याचं ऐकून गायले. पथ्य कळल्यावर कुठला आजारी माणूस गाणं म्हणतो?"

राजा इतका हसला, की मंदिल घसरून कानावर आला. त्याने पास्कूला तिथल्या तिथे दुभाषी नेमलं, स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं सगुणाला दिलं आणि हुकूम सोडला, की यापुढे तिची भाजी राजवाड्यात पालखीतून यावी.

दुसऱ्याच दिवशी भोयांनी वाजतगाजत पालखी आणली. आत दुधी विराजमान झाले होते, आणि मागून कडं मिरवत सगुणा ऐटीत चालत होती.