चाळीस हजार टिंबं आणि एक गोळा दोरा

तीन बैलगाड्या भरून कागद! आणि न्यायचे कुठं? तर घाटापलीकडं, जिथं बकरीसुद्धा दोनदा विचार करून पाय टाकते. त्यातही एकाच माणसानं न्यायचे, एकाच खेपेत, दसऱ्याच्या आत. उदेभानराजांनी हा हुकूम सोडला आणि वामकुक्षीला गेले.

झालं होतं असं की राजांना स्वतःची मूर्ती हवी होती, अगदी हुबेहूब. मूर्तिकार राहायचा घाटापलीकडं, आणि राजांच्या वरताण हट्टी. "मी येत नाही, माप पाठवा," एवढाच त्याचा निरोप आला. मग चिटणीस केसोपंतांनी राजांना लाकडी चौकटीत उभं केलं आणि अंगभर हरभऱ्याएवढ्या अंतरावर सुई टेकवून एकेक टिंब मोजून घेतलं. खालून किती, डावीकडून किती, पुढून किती! महिनाभर राजांना नाक खाजवायची बंदी होती. टिंबं भरली चाळीस हजार. आता केसोपंत म्हणजे केसोपंत! त्यांनी प्रत्येक टिंबाला वेगळा कागद घेतला. त्यावर आधी 'श्रीमंत प्रतापी शत्रूंचे कर्दनकाळ' वगैरे दहा ओळी बिरुदं, आणि खाली कोपऱ्यात बिचारे तीन आकडे.

"दोन-चार खेपा केल्या तर?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

"म्हणजे माझं धड इकडं आणि मुंडकं तिकडं? अभद्र कुठले!" राजे गरजले.

हे काम आलं म्हादबा भोई या जासुदाच्या गळ्यात. साठी उलटलेला गडी, चालताना गुडघे कुरकुरायचे. काम झालं नाही तर बिऱ्हाडासकट हद्दपार! म्हादबा घरी येऊन जो मटकन बसला तो उठेचना.

"आबा, रडताय काय!" त्याची लेक हौसा म्हणाली. ती मासे धरायची जाळी विणायची आणि तिची जीभ सुईपेक्षा तिखट. "तीन गाड्यात राजा हाय कितीसा? मी बगते."

ती थेट दरबारात शिरली. "म्हाराज, तुमाला मी कमरंला बांधून न्यायाजोगं करते."

"मला? कमरेला?"

"तुमच्या टिंबास्नी हो! समजा, तुमी एका मोठ्या पेटाऱ्यात हुबं हायसा. त्यो गुळाच्या ढेपंवानी कापला. एक काप हुबा, एक आडवा, एक पुढचं-मागचं येगळं करनारा. झालं आठ तुकडं! आता दोऱ्यावर आठ जागा. ज्या तुकड्यात तुमचं टिंब हाय तितं गाठ, ज्यात न्हाई तितं दोरा कोरा. कोऱ्या तुकड्याचं पुन्यांदा नाव काढायचं न्हाई. गाठीच्या तुकड्याचं परत आठ. असं कापत जायाचं, तुकडा हरभऱ्याएवढा होईस्तवर. पलीकडं मूर्तिकारानं मातीचा ठोकळा घ्यावा आन् दोरा वाचत बाहेरनं कोरं तुकडं काढून टाकावं. उरलं त्ये म्हाराज!"

राजांना अर्धंच कळलं, पण कमरेला बांधून फिरण्याची कल्पना त्यांना भारी आवडली. "कर! पण एक टिंब जरी हरवलं..."

"आन् वाचाया केसोपंत द्या. मला अक्षर येत न्हाई, गाठी येत्यात."

झालं! केसोपंत रोज भोईआळीत, नाकाला उपरणं लावून, सुकटीच्या टोपल्यांमध्ये बसून आकडे वाचू लागले. पहिल्या दिवशी ते बिरुदंही वाचू लागले, तेव्हा एक म्हातारी ओरडली, "आवो, त्ये एकदा ऐकलं की! राजा काय दर टिंबाला बदलतोय?" सगळी आळी गाठी मारत होती. महिन्याभरात भोपळ्याएवढा दोऱ्याचा गोळा तयार झाला.

राजांनी दरबारात गोळा हातावर तोलून पाहिला. "हा मी? एवढासा? खरं कशावरून?"

हौसानं कुंभाराला बोलावलं. ती दोरा वाचत गेली, तो माती काढत गेला. आधी ढोबळ डोकं आलं, मग गाल, मग नाक, आणि नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्याएवढी चामखीळ! दरबारानं आधी मातीकडं पाहिलं, मग राजांकडं, आणि घाईघाईनं खाली. राजांनी स्वतःचं नाक चाचपलं. चामखीळ जागच्या जागी होती.

"वाहवा!" राजे म्हणाले. म्हादबाचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात केसोपंत उसळले. महिनाभर सुकटीचा वास घेतलेला माणूस तो!

"थांबा महाराज! हा दोरा बघा! आपल्या डोक्याच्या मधोमधच्या तुकड्यांना एकही गाठ नाही. म्हणजे ही बया म्हणते, आपल्या डोक्यात काहीच नाही!"

राजे तांबडेलाल झाले. म्हादबाला डोळ्यांपुढं हद्दीचा दगड दिसू लागला.

"माझ्या डोक्यात काही नाही?"

"म्हाराज," हौसा शांतपणे म्हणाली, "टिंबं मोजली केसोपंतांनी. त्यांची सुई कातडीवर थांबली. आत काय हाय त्ये त्यांनी लिवलं न्हाई, मग मी गाठ कशी मारू? त्यांस्नी आत काय गावलं आसंल तर सांगू द्या, आत्ता मारते! पर एक सांगते. डोस्कं रिकामं धरलं म्हणून दोरा भोपळ्याएवढा झाला. भरून काडलं आस्तं, तर माजा बाप आन् तीन गाड्या, समदं पायथ्यालाच राहिलं आस्तं!"

राजांनी केसोपंतांकडं पाहिलं. केसोपंतांनी उपरणं पुन्हा नाकाला लावलं. मग राजांच्या पोटातून जे हसू फुटलं, ते काही थांबेना! "बोला पंत, बोला! काय आहे माझ्या डोक्यात?" असं विचारून विचारून ते हसले. वाड्यामागचं मोठं तळं त्यांनी तिथल्या तिथं भोईआळीला मासे धरायला इनाम दिलं, आणि म्हादबाच्या हद्दपारीचा हुकूम फाडून टाकला.

म्हादबा दोरा वाचायची रीत तोंडपाठ करून, गोळा कमरेला बांधून शीळ घालत घाटाच्या वाटेला लागला. दरबार उठला. सगळे गेल्यावर राजांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि हळूच कपाळावर टकटक करून कान दिला.