गेनबा मोटारीत रेडिओ बसवतो

एका गावात एक भोळा गडी होता, गेनबा नावाचा. वय तिशीचं, अंगात बैलाचं बळ, आणि डोक्याबद्दल त्याचं स्वतःचंच मत फारसं बरं नव्हतं. "देवानं डोकं दिलंय ते टोपीला आधार म्हणून," असं तो हसत सांगायचा. पण सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करी, आणि तिथंच घोटाळा होई.

त्याच्या ज्ञानूमामाचं बाजाराच्या गावी गॅरेज होतं, तिथं तो कामाला होता. मामानं त्याला बजावलं होतं, "गेन्या, आणखी एक काम बिघडवलंस तर परत गावाकडं म्हशी राखायला." गेनबाला म्हशींची भीती नव्हती. पण गॅरेज त्याला जिवापाड आवडायचं.

अशात पेंढारकर कंपाउंडर आपली जुनी काळी मोटार घेऊन आले. याच मोटारीतून त्यांनी मालतीबाईंना लग्न करून आणलं होतं. तेव्हा हिच्यात रेडिओ होता आणि वाटभर गाणी वाजली होती. आता लग्नाला पन्नास वर्षं होत होती. सोबत आलेल्या मालतीबाई म्हणाल्या, "मला दागिना नको, साडी नको. रेडिओ लावून याच गाडीतून देवीच्या दर्शनाला जायचंय."

"काकू, काळजीच सोडा," मामा म्हणाला आणि जुन्या बाजारातून एक रेडिओ पैदा करून त्यानं गेनबाच्या हाती दिला.

गेनबानं मोटारीत डोकं खुपसलं आणि दिसेल ती वायर धरली. ठिणगी उडाली. फ्यूज गेला, गेनबाची अर्धी मिशीही गेली.

"अरं येड्या," मामा ओरडला, "मोटारीच्या कामाला हात लावायच्या आधी बॅटरीची वायर सोडवायची!"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो, मामा."

मामानं नवा फ्यूज घातला आणि रेडिओ स्वतःच जोडला. "आता वाजतो का बघ," म्हणून तो जेवायला गेला. गेनबानं आधी बॅटरीची वायर सोडवली. मग बटण फिरवून रेडिओला कान लावून बसला. मामा जेवून, पान खाऊन, एक डुलकी काढून आला, तरी हा कान लावूनच.

"काय म्हणतोय रेडिओ?"

"काहीच बोलत न्हाई, मामा. लाजतोय जणू."

मामानं कपाळावर हात मारून घेतला. "वायर जोडल्याबिगार बोलंल कसा? सुटी वायर दिसली की जोडायची!"

"माझ्याच डोक्याची वायर सुटलीय बघा. आता ध्यानात ठेवतो, मामा."

जुनी मोटार ती. डॅशबोर्डाखाली सुट्या वायरींचं जंगल माजलेलं. गेनबानं एकूण एक वायर जोडून टाकली. मग रेडिओचं बटण दाबलं, तर हॉर्न बोंबलू लागला, वायपर नाचू लागले, दिवे डोळे मिचकावू लागले. बाजारपेठेतली माणसं दुकानं सोडून धावत आली. बंद कसं करायचं ते गेनबाला कळेना, म्हणून तोही त्यांच्यात उभा राहून बघू लागला.

"अरं, सगळ्यांचा काला कशाला केलास?" मामा म्हणाला. "ज्याचं त्याचं वेगळं ठेवावं! आणि रेडिओची ती एरियलची काठी तेवढी उंच बसव."

"आता ध्यानात ठेवतो, मामा."

आता एरियल उंच हवी आणि वेगळीही हवी. गेनबा शिडी लावून गॅरेजच्या कौलांवर चढला. एरियल आढ्याला घट्ट बांधली आणि लांब तार खाली मोटारीत आणून रेडिओला जोडली. रेडिओ असा खणखणीत वाजला की मामानं त्याची पाठ थोपटली. गेनबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता म्हशी लांब राहिल्या, असं त्याला वाटलं.

खुशीत येऊन मामा मोटार फिरवायला निघाला. मोटार निघाली, तार ताणली, आणि मागोमाग कौलं निघाली.

"गेन्या!" मामा कौलांच्या ढिगातून ओरडला. "मोटारीची वस्तू मोटारीसंगं गेली पायजे!"

"पाठ थोपटली तवाच मला शंका आली होती. आता ध्यानात ठेवतो, मामा."

देवीला जायचा दिवस उजाडला. एरियल मोटारीवर बसली होती. रेडिओ छान वाजत होता, पण इंजिन सुरू केलं की नुसती खरखर. मामानं दोनदा इंजिन बंद करून पाहिलं. "हे बघ, इंजिन थांबलं की खरखर थांबली. म्हणजे मूळ इंजिनात हाय. ते मूळ काढलं की झालं. मी तालुक्याहून खरखर गिळणारा कंडेन्सर घेऊन येतो." आणि मामानं एसटी गाठली.

गेनबाला वाईट वाटलं. मामाला या वयात एवढा हेलपाटा! मूळ तर समोरच होतं. त्यानं साखळीची कप्पी लावली, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागला.

संध्याकाळी मामा परतला, तेव्हा पेंढारकर आणि मालतीबाई नटूनथटून मोटारीत पुढं बसले होते. रेडिओवर जुनं गाणं लागलं होतं. खरखरीचा मागमूस नव्हता. मालतीबाई डोळे मिटून गुणगुणत होत्या. "ज्ञानोबा, तुमचा भाचा गुणी हो," त्या म्हणाल्या. गेनबा लाजून चूर झाला.

पेंढारकरांनी किल्ली फिरवली. मोटार ढिम्म हलेना. मामानं बॉनेट उघडलं. आतून थेट खालची जमीन दिसत होती.

"गेन्या, इंजिन कुठंय?"

"मागच्या सीटवर, मामा. मोटारीची वस्तू मोटारीसंगंच गेली पायजे ना?"

मामानं मागं पाहिलं. इंजिन हळदकुंकू लावून, हार घालून, सीटवर ऐसपैस बसलं होतं. मामाचा चेहरा बघून आपलं काहीतरी चुकलंय हे गेनबाला कळलं. त्यानं डोकं खाजवलं, एकेक धडा आठवला, आणि खाडकन कपाळावर हात मारला.

"हात तिच्या! या मडक्यात काही टिकंल तर शपथ. मुख्य गोष्टच राहिली की, मामा!"

आणि मामा "अरं, थांब!" म्हणेपर्यंत त्यानं लगबगीनं बॅटरीची वायर सोडवली, आणि गाणंही थांबलं.