उंच अर्जुनावरची हाक

माणूस अजून रानापर्यंत पोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. वानरांचा म्होरक्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसायचा. बिबट्या दिसला की तो हाक द्यायचा आणि सारं रान सावध व्हायचं.

एके दिवशी त्याने फर्मावलं, "यापुढे जो फळं आणून देईल, त्याच्याच कानात सांगेन."

"आमच्या खुरांना झाडावर चढता येत नाही, दादा," बुंदकी नावाची चितळीण म्हणाली. "हाक सगळ्यांची असते."

म्होरक्या नुसता हसला. थोड्याच दिवसांत बुंदकीच्या बहिणीचं पाडस बिबट्याने नेलं.

पुढे एका दुपारी वानरं पिल्लांना घेऊन पाण्यावर उतरली होती. वाऱ्यावरून बुंदकीला बिबट्याचा वास आला.

"आपण गुपचूप निघू या," बहीण म्हणाली.

बुंदकीने खूर आपटला आणि मोठ्याने हाक दिली. वानरं झाडांवर चढली, हरणं पांगली आणि बिबट्या उपाशीच परतला.

म्होरक्याने धापा टाकत विचारलं, "आम्हाला का सांगितलंस?"

"मी रानाला सांगितलं," बुंदकी म्हणाली. "तुम्हीही रानातच राहता ना?"

दुसऱ्या सकाळी अर्जुनावरून खणखणीत हाक आली. ती गवतातल्या सशांनीही ऐकली.