अडलेल्या ओळीची जागा

एकदा एका तालुक्याच्या महाविद्यालयात ‘समजलं का?’ हा प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच वर्गातून उत्तर आले, ‘हो, मॅडम!’

विचारणारी प्राध्यापिका तरुण होती, अर्थशास्त्र शिकवीत होती. ती दचकली. प्रश्न अजून तोंडातच होता. मग हे ‘हो’ आले कशाला? तिने पुढच्या बाकावरच्या कांचनला पुस्तकातला तोच परिच्छेद वाचायला सांगितला. कांचनने खणखणीत वाचला. एक अक्षर चुकले नाही.

‘छान. आता पुस्तक मिट आणि सांग, काय म्हटलंय त्यात?’

कांचन गोंधळली. ‘वाचलं ना, मॅडम.’

ही मुलगी आदल्या वर्षी याच विषयात नापास झाली होती. यंदाही राहिली तर तिला घरी बसवायचे, असे तिच्या मामांनी ठरवून टाकले होते.

प्राध्यापिका तरातरा शिक्षकांच्या खोलीत गेली. ‘अहो, आपल्या मुलांना वाचताच येत नाहीये!’

इतिहासाचे सर बशीत चहा ओतत म्हणाले, ‘वाचन होय? ते मराठीवाल्यांचं काम.’

मराठीच्या बाई उसळल्या. ‘का हो? तुमचे सनदा-करार आणि यांचे आलेख, सगळं आम्हीच वाचून घ्यायचं?’

रसायनशास्त्राचे सर हसले. ‘मॅडम, तुम्ही नवीन आहात. नोट्स उतरवून द्या. मुलं पाठ करतील, तुम्ही मोकळ्या.’

मोकळ्या! आणि कांचन घरी बसली, तर ती कशातून मोकळी होणार होती?

रविवारी प्राध्यापिका आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. गुरुजींचा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला होता. ती दारातूनच बोलू लागली, ‘सर, मी जीव तोडून नोट्स काढते, आणि या मुलांना वाचायचंच नाही!’

गुरुजींनी ऐकून घेतले. ‘उद्या तुझ्या वर्गावर येतो. पुस्तक तिथेच दे. आधी दाखवू नकोस.’

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले. ‘इतर परिस्थिती कायम असताना, वस्तूची किंमत वाढली की तिची मागणी घटते.’ ते थांबले. चष्मा पुसला. पुन्हा तेच वाक्य वाचले. ‘इतर परिस्थिती म्हणजे कुठली?’ ते स्वतःशीच पुटपुटले. दोन ओळी पुढे गेले, मान हलवली, परत मागे आले. ‘छे. मला हे कळलेलं नाही.’

‘आजोबाबी नापास!’ मागून कुणीतरी म्हणाले. वर्ग फिस्सकन हसला. प्राध्यापिकेचे कान तापले. अर्थ सांगायला ती पुढे झाली, तर गुरुजींनी हातानेच तिला थोपवले. तास संपेपर्यंत ते त्या एकाच परिच्छेदात अडखळत राहिले.

बाहेर येताच ती म्हणाली, ‘सर, हे काय केलंत? मुलं हसली तुम्हाला!’

‘हसू देत. राग मलाही आलाय, पण मुलांचा नाही.’ गुरुजींचा आवाज चढला. ‘हा धडा तू घरी एका दमात वाचलास का? अडलीस, मागे गेलीस, स्वतःवर चिडलीस. ते सगळं घरी ठेवलंस आणि वर्गात आणल्यास गाळून, निवळून घेतलेल्या नोट्स. रसायनवाले तेच करतात, इतिहासवालेही तेच. आलेखात नजर आधी कुठे न्यायची, जुना करार वाचताना तो कुणी कुणावर लादलाय हे का शोधायचं, तुमच्या शास्त्रात “कायम असताना” हे शब्द ओलांडून पुढे का जायचं नाही, हे मुलांनी कुणाकडे बघून शिकायचं? प्रत्येक विषयाची वाचायची रीत निराळी, आणि प्रत्येक शिक्षक ती दाराआड उरकून येतो! त्यांना वाटतं, हुशार माणसाला कधी अडतच नाही. म्हणून ती घाईने “हो” म्हणतात. आणि वर आपणच म्हणायचं, यांना वाचायचं नाही? अन्याय आहे हा, मुली.’

त्यानंतर तिने नोट्स घरीच ठेवल्या. ती वर्गात पुस्तकातूनच वाचू लागली. घरी जिथे अडली होती तिथे सर्वांसमोर अडू लागली, मागे जाऊ लागली, ‘हे मलाही पटकन कळलं नव्हतं’ असे म्हणू लागली. आणि ‘समजलं का?’ऐवजी विचारू लागली, ‘कुणाला कुठे अडलं?’

पहिल्यांदा सवयीने उत्तर आले, ‘हो, मॅडम!’ मग सगळे हसले. मग शांतता. पुढच्या तासालाही शांतता, त्याच्या पुढच्यालाही. रसायनशास्त्राचे सर दारातून डोकावले. ‘अजून तोच धडा?’

‘हो, तोच!’ ती फाडकन म्हणाली. परीक्षा मात्र जवळ येत होती.

तिने तेच पान पुन्हा उघडले, वाचले, आणि विचारले, ‘कुणाला कुठे अडलं?’

ती पान उलटणार, तोच पुढच्या बाकावर कांचनचे बोट एका ओळीवर टेकलेले तिला दिसले. ते हलत नव्हते.

‘मॅडम, मला अडलंय.’

‘कुठे गं?’

‘इथंच. “इतर परिस्थिती कायम असताना.”’ कांचनने मान वर केली. ‘पण मॅडम, ती कायम ठेवतं कोण?’