टिटवीची चाल

माळावर अजून नांगर फिरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या पाकोळीला आपल्या गिरक्यांचा फार अभिमान होता.

"टिटवीताई, तुला येते का अशी एखादी चाल?" ती विचारायची. टिटवी अंडी उबवत राही.

एका सकाळी कोल्हा अंड्यांच्या रोखाने आला. टिटवी पंख मोडल्यासारखी फरफटत त्याच्यासमोरून निघाली. अंडी सोडून तो तिच्यामागे लागला. लंगडत, हुलकावण्या देत तिने त्याला ओढ्यापलीकडे नेले. मग ती उडाली, पण त्याचा पंजा बसलाच.

ती परतली तेव्हा पंखातून रक्त ठिबकत होते.

पाकोळी कळवळली. "ताई, तू आधीच का नाही उडालीस?"

"तो मागे वळला असता गं," टिटवी म्हणाली आणि अंड्यांवर बसली.