टाकीतली हवा

“पण मास्तर, श्वास धरून ठेवला तर टाकीतली हवा वाचंल की न्हाई?”

जुझे मास्तर बोटीच्या कडेवर बसून, काच धुरकटू नये म्हणून मास्कला आतून थुंकी चोळत राहिले.

विचारणारा होता शिरोळचा इंद्रजित चौगुले. पट्टीचा पोहणारा. पुराच्या पाण्यात बुडी मारून माणसं काढणारा. एका दमात तळातून नदी पार करतो, असं गावात सांगत. आणि कोणी सांगितलं नाही तर तो स्वतः सांगे.

पाठीला हवेची टाकी लावून बुडी मारायला शिकावं म्हणून तो मालवणला आला होता. जुझे मास्तर म्हणजे नौदलातले जुने पाणबुडे. अर्धं आयुष्य पाण्याखाली गेल्यामुळे की काय, पाण्याबाहेरही त्यांना फारसं बोलायची सवय राहिली नव्हती.

“कोणी धाडल्यान तुका?” इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मास्तरांनी विचारलं.

“गावच्या बचाव पथकानं. पूर काय आमच्यासाठी थांबत न्हाई. त्याच्याआधी शिकाय पायजे.”

“मगे शीक. श्वास घेत रव, सोडत रव. वर येताना तर धरूच नको.”

“खरं मास्तर, माझा दम लई मोठा हाय.”

“म्हणानच माका भिया वाटता.”

इंद्रजित हसला. मास्तर हसले नाहीत.

“वेफर्साचा पाकीट हयसून घेऊन घाट चढलंस, तर ता फुगता मा?”

“फुगतंय की. टम्म.”

“कित्याक?”

“वर हवेचा दाब कमी...” इंद्रजित मध्येच थांबला.

“खाली छातीत भरून घेतलेली हवा वर येताना तशीच फुगता. तोंड बंद ठेवलंस तर ती जातली खय?”

इंद्रजितने मान डोलावली. समजलं होतं त्याला. पण समजणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. गेले काही दिवस किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हेच चाललं होतं. खाली गेला की याचे बुडबुडे बंद. मास्तर अंगठ्याने ‘वर चल’ अशी खूण करून त्याला बाहेर काढत, पुन्हा सांगत, पुन्हा खाली नेत, आणि पुन्हा बुडबुडे बंद. पालथ्या घड्यावर पाणी.

आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून पावसाळ्यासाठी बुड्या बंद. आज जमलं नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि त्याशिवाय पथक त्याला टाकीला हातही लावू देणार नव्हतं.

“कोण गेला?” मास्तरांनी एकदम विचारलं.

“आं?”

“पुरात. तुझ्यासमोर कोण गेला?”

इंद्रजितने मान फिरवली.

“एक म्हातारी...” तो म्हणाला. “आमच्याच आळीतली. घराच्या पत्र्याखाली अडकल्याली. तिचा हात गावला हुता मला, मास्तर. घट्ट धरला हुता तिनं. खरं माझा दम संपला... वर आलो. परत खाली गेलो, तवर...”

त्याने जॅकेटचा पट्टा करकचून आवळला.

“त्या दिवसापास्नं रोज दम वाढवतोय मी.”

मास्तरांनी ना खांद्यावर हात ठेवला, ना सांत्वनाचा एक शब्द काढला. या माणसाला काळीज आहे की दगड, असं इंद्रजितला वाटून गेलं.

“मास्क घाल,” मास्तर म्हणाले.

दोघं नांगराच्या दोरीला धरून उतरू लागले. हातभर उतरायचं, नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे, मग पुन्हा हातभर. मास्तर समोरासमोर. खाली वाळू दिसू लागली आणि डोक्यावरची बोट लहान झाली.

तळाला टेकताना इंद्रजितच्या मास्कचा पट्टा दोरीत अडकला आणि ओढला गेला. मास्क सरकला. भस्सकन पाणी आत आलं.

डोळे चुरचुरले. नाकात मीठ गेलं. मास्कमधलं पाणी कसं काढायचं हे त्याने दहादा गिरवलं होतं, ते सगळं त्या क्षणी पार पुसलं गेलं. जित्याची खोड. त्याने छाती भरून श्वास घेतला, आत कोंडला आणि उजेडाच्या दिशेने जिवाच्या आकांताने पाय मारले.

खांद्याला जबर हिसका बसला.

मास्तरांनी एका हाताने दोरी पकडली होती आणि दुसऱ्या हाताने त्याच्या जॅकेटचा पट्टा. इंद्रजितने झटके दिले. मास्तर हलेनात. छाती ठणकू लागली, कानांत घण पडू लागले. हा म्हातारा आपल्याला इथेच मारणार, अशी त्याची खात्रीच झाली.

तेव्हा मास्तरांनी दोरीला पायाचा वेढा घातला, मोकळ्या हाताने स्वतःच्या तोंडातली नळी काढली आणि खाली सोडून दिली.

मग तोच हात गळ्यावरून आडवा फिरवला.

हवा नाही.

अर्ध्या भरलेल्या मास्कमधून इंद्रजित बघतच राहिला. मास्तरांच्या ओठांतून बारीक बुडबुडे निघत होते. त्यांनी हात पुढे केला. रिकामा, सुरकुतलेला हात.

“मास्तर!”

नळी तोंडात असतानाच तो ओरडला. कोंडलेली सगळी हवा खळाळत बाहेर पडली. त्याला त्याचं भानही नव्हतं. जोडीदारासाठी आपल्याच टाकीला जोडलेली छातीवरची जादा नळी ओढून त्याने मास्तरांच्या तोंडात दिली आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं. या वेळी नाही... या वेळी काही झालं तरी नाही.

मास्तरांनी एक श्वास घेतला. इंद्रजितनेही घेतला.

मास्तरांनी सोडला. त्याने सोडला.

दोरीच्या कडेने दोघं सावकाश वर येऊ लागले. मास्तर खूण करतील तिथे थांबत, पुन्हा निघत. इंद्रजितचं लक्ष ना उजेडाकडे होतं, ना स्वतःकडे. मास्तरांचे बुडबुडे येतात की नाही, एवढंच तो बघत होता.

डोकी पाण्याबाहेर आली. त्याने आधी मास्तरांना बोटीवर चढवलं, मग स्वतः चढला.

“बरं हाय न्हवं, मास्तर? बोला की कायतरी!”

मास्तर खोकत होते. त्यांची टाकी उतरवताना इंद्रजितची नजर हवा किती उरली ते दाखवणाऱ्या काट्यावर गेली. त्याने काच पुसून पुन्हा पाहिलं.

टाकी जवळजवळ भरलेली होती.

“ह्ये काय?” त्याचा आवाज चढला. “टाकीत हवा हाय की तुमच्या! जीव अर्धा झाला माझा खाली! हवा असताना न्हाई म्हणून खूण कशापायी केलासा?”

मास्तरांनी खारं पाणी थुंकलं. तोंड पुसलं.

“माझ्याकडे होती रे,” ते म्हणाले. “श्वास तू कोंडलेलंस. तुझ्याकडेच नाय होती.”