निम्म्यात भागत नाही

एका राज्यात एकदा असा काळ आला, की पावसाने पाठ फिरवली, सीमेवर युद्ध पेटले आणि राजकोष आटत गेला. त्या राज्यात, राजधानीच्या नदीपलीकडे, एका वृद्ध वैद्यांचा आश्रम होता. तिथे कुष्ठरोगी राहत. त्यांना घरच्यांनी घराबाहेर काढले होते आणि गाव वेशीच्या आत घेत नव्हते. पूर्वीच्या एका राजाने त्यांच्यासाठी धान्य, औषधे आणि वस्त्रे राजकोठारातून देण्याची व्यवस्था लावून दिली होती. तीवरच आश्रम चालत असे.

वैद्य थकले होते. त्यामुळे बाहेरचे व्यवहार त्यांचा शिष्य श्रीरंग पाहत असे. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर अमात्य अशा सर्व संस्थांच्या चालकांची सभा भरवीत. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी त्यांनी विचारले, थोड्या कमी धान्यात भागेल का? श्रीरंग हात जोडून हो म्हणाला. आश्रमातले दूध बंद झाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न आला आणि श्रीरंगाने पुन्हा तेच उत्तर दिले. जखमांवर बांधायच्या पट्ट्या धुऊन धुऊन विरल्या. त्या हिवाळ्यात परसू नावाचा एक म्हातारा थंडीने गेला. श्रीरंगाने मात्र अमात्यांना निरोप धाडला, की आपल्या कृपेने सारे ठीक आहे.

हे खोटे त्याने का कळवले, याला कारण होते. त्या दुसऱ्या सभेत अंधगृहाचा चालक उभा राहून म्हणाला होता, की आमचे भागत नाही. थोड्याच दिवसांत अंधगृहाला कुलूप लागले. तिथली माणसे तटबंदीला हात लावत लावत जाताना श्रीरंगाने स्वतः पाहिली. त्यांतल्या एकाने पावलांचा आवाज ऐकून विचारले होते, "कोण आहे?" श्रीरंग उत्तर न देता पुढे निघून गेला होता. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. डोळा लागला की आश्रमाच्या दाराला कुलूप दिसे.

तिसऱ्या वर्षीच्या सभेला वैद्य म्हणाले, "या वेळी मीही येतो."

श्रीरंगाने वाटेत त्यांना परोपरीने विनवले. आपण काही बोलू नये, अमात्य या वर्षी फार कठोर झाले आहेत, हो म्हणणाऱ्याला निदान काहीतरी मिळते. वैद्य ऐकत राहिले. त्यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही.

सभेत एकेक चालक पुढे जाई, मान झुकवी आणि भागेल म्हणून परत येई. यांची पाळी आली. अमात्य म्हणाले, "वैद्यराज, राज्य संकटात आहे हे आपण जाणता. निम्म्यात भागवाल ना?"

श्रीरंगाने तोंड उघडले, तोच वैद्यांनी त्याचे मनगट घट्ट धरले.

"नाही," ते म्हणाले. "निम्म्यात भागत नाही."

मग त्यांनी दुसऱ्या हाताने कमरेची किल्ली काढली आणि अमात्यांसमोर ठेवली. ती आश्रमाच्या मुख्य दाराची किल्ली होती. दाराशी उभा असलेला एक शिपाई दोन पावले पुढे आला.

अमात्यांनी शांतपणे विचारले, "ही धमकी समजायची का?"

"धमकी द्यावी असे माझ्यापाशी काही नाही," वैद्य म्हणाले. "कमी पडणाऱ्या धान्यात कोणाला वाढायचे आणि कोणाला उपाशी ठेवायचे, हे आजवर आम्ही गुपचूप ठरवत आलो. आपल्याला ते कळू दिले नाही. ती माणसे राजाची प्रजा आहेत. तेव्हा हा निर्णय राजाच्या वतीने आपण घ्यावा."

एवढे बोलून त्यांनी दुधाचे सांगितले, पट्ट्यांचे सांगितले आणि परसू कसा गेला तेही सांगितले. आवाज चढवला नाही. अमात्यांची नजर श्रीरंगाकडे वळली. हे यापूर्वी का कळवले नाही, असे त्यांनी विचारले. श्रीरंगाला बचावाचे पुष्कळ सुचले होते. पण त्याच्या तोंडून एवढेच निघाले, की भीती वाटली.

अमात्यांनी किल्ली उचलून घेतली आणि निर्णय न देताच त्यांना जायला सांगितले.

त्यानंतरचे दिवस श्रीरंगाने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. नदीकडून घोड्याच्या टापा ऐकू आल्या, की तो हातातले काम टाकून दाराशी जाई. आश्रमातल्या माणसांना त्याने काहीच सांगितले नव्हते. तरी ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत आणि आपापसांत हळू बोलत. काहींनी आपली गाठोडी बांधून उशाशी ठेवली.

अखेर एका सकाळी अमात्य आले. नाकाला उपरणे लावून ते सगळीकडे फिरले. कोठारात डोकावले, एका बिछान्याजवळ बराच वेळ थांबले. जाताना त्यांनी किल्ली वैद्यांच्या हातात दिली. "यंदा धान्य आणि औषधे पूर्वीइतकी मिळतील," ते म्हणाले. "वस्त्रांचे जमणार नाही. पुढच्या वर्षीचे मी आज सांगू शकत नाही."

ते गेल्यावर श्रीरंग दाराच्या पायरीवर बसला. त्याने विचारले, "गुरुजी, त्यांनी खरेच कुलूप लावले असते तर? अंधगृहाचे काय झाले ते आपण जाणता."

वैद्य त्याच्याजवळ बसले. "लावलेही असते," ते म्हणाले. "मला ती भीती नव्हती असे समजू नकोस. मी तुझे मनगट धरले, ते तुला थांबवण्यासाठी जितके, तितकेच स्वतःला सावरण्यासाठी. पण अंधगृहाचे तू अर्धेच पाहिलेस. तो चालक बोलला म्हणून कुलूप लागले, असे तुला वाटते. तो खरे बोलला आणि त्याच सभेत बाकीचे सारे आपण भागते म्हणालो. सगळ्यांचे भागते आणि याच्या एकट्याचेच भागत नाही, तेव्हा अमात्यांना तो खोटा वाटला. त्या कुलपाला आपलाही हात लागला आहे, श्रीरंग. आपण राजापुढे झाकतो ते आपले दुःख नसते. ज्यांचे असते, त्यांना आपण विचारतही नाही."

श्रीरंग उठून आतल्या ओसरीवर गेला, सगळ्यांच्या मधोमध बसला आणि जे घडले ते पहिल्यापासून सांगितले. आपण दोनदा हो म्हणालो तेही सांगितले. काय मिळाले, काय मिळाले नाही आणि पुढच्या वर्षीची खात्री नाही, हेही लपवले नाही.

कोणी रागावले नाही. मग कोपऱ्यात बसलेली भागाई, जिच्या पायांची बोटे झडली होती, ती म्हणाली, "पुढच्या खेपेला आम्हालाही घेऊन चल."

राजधानीत यांच्यावर दगड पडतात, शिपाई पुलावरूनच हाकलतात, हे सारे श्रीरंगाच्या ओठांवर आले. पण यात भागाईची काळजी किती आणि आपली भीती किती, हे त्याचे त्यालाच सांगता येईना.

"एवढं चालवेल तुला?" त्याने विचारले.

"चालवेल," भागाई म्हणाली. "तुला मात्र आमच्या चालीनं चालावं लागेल."